सुनेच्या हातचं औषध

आमच्या घरात विकतचा मसाला येत नाही. लग्न होऊन मी अमरावतीहून नारायण पेठेतल्या या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा सासूबाईंनी मला घर दाखवलं ते याच क्रमाने: हा देव्हारा, ही बाल्कनी, आणि हे डबे, यातलं काहीही विकतचं नाही. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, लोणची, पापड, इतकंच काय, दात घासायची पूडसुद्धा घरची. दर उन्हाळ्यात त्या मार्केट यार्डात जाऊन धने, सुकं खोबरं, दगडफूल असं सगळं घेऊन येतात आणि चार दिवस घरातला प्रत्येक माणूस शिंकतो. कुणाकडे जेवून आलो की लिफ्टचं दार बंद होईपर्यंत त्या गप्प असतात. मग निकाल लागतो. "विकतचा होता." एवढंच. त्या घरचं बाकी काही विचारायची गरज उरत नाही.

मी स्वयंपाकात सुमार आहे, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं आणि मला सोडून दिलं. मी शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. माझं काम घरी समजावून सांगायचा प्रयत्न मी सगळ्यांवर करून पाहिला. नवरा आयटीत आहे, तो अजून लोकांना सांगतो, "बायको प्लास्टिकमध्ये आहे." सासूबाई म्हणाल्या, "बरं असतं का पण ते तब्येतीला?" नीट समजलं ते फक्त बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना.

काम असं आहे. हिमालयात वाढणाऱ्या एका झाडाच्या सालीत एक औषध सापडतं. कॅन्सरवर ते चांगलं चालतं, पण त्याचं आणि पाण्याचं हाडवैर. पाण्यात टाकलं की तळाशी जाऊन बसतं. आणि माणसाचं रक्त म्हणजे बव्हंशी पाणीच. म्हणून आम्ही पॉलिमर घेतो, म्हणजे एकाच प्रकारचे छोटे रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी. आमची साखळी पाण्यात सहज विरघळते. तिच्यावर जागोजागी हे औषध अडकवायचं. साखळी पाण्यात शिरली की तिच्याबरोबर औषधही शिरतं, रक्तातून फिरतं, आणि गाठीपाशी पोचलं की तिथे बंध तुटून सुटं व्हावं, अशी अपेक्षा.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे बस."

मला तर त्यांना मिठी मारावीशी वाटली. बाबा सिटी बसच्या स्वारगेटच्या डेपोतून निवृत्त झाले. दुरुस्त झालेली गाडी रूटवर सोडायची की नाही, हे ते ठरवायचे. त्यांची पद्धत होती. गाडीत वाळूची पोती भरायची, प्रवाशांइतकं वजन करायचं, आणि स्वतः ड्रायव्हरच्या शेजारी उभं राहून तिला कात्रजच्या चढावर नेऊन आणायची. मगच सही. एका गणपतीत म्हणे गर्दी एवढी होती की वरच्या साहेबांनी नवी रंगवलेली गाडी लगेच सोडायला सांगितलं. बाबांनी विचारलं, "पोती भरून फिरवली का?" साहेब म्हणाले, रंग बघा, सीट बघा. बाबा म्हणाले, "सही नाही." ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली आहे की शेवटच्या दोन शब्दांना आम्ही सगळे मिळून ओठ हलवतो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी चप्पल काढते न काढते तोच सोफ्यावरून प्रश्न यायचा, "काय, गाडी निघाली का डेपोतून?" मी म्हणायचे, "नाही बाबा, आज टायर पंक्चर." सकाळी फिरायला गेल्यावर कट्ट्यावरच्या मित्रांना ते काय सांगायचे, ते मला नंतर कळलं. आमची सून कॅन्सरचं औषध बनवते, असं सांगायचे.

मग त्यांना खोकला लागला, आणि जाईना. तपासण्या झाल्या. फुप्फुसात गाठ निघाली. सुपारी नाही, सिगारेट नाही, आयुष्यभर फक्त डेपोतला धूर, आणि गाठ. मी फार घाबरले. घरात या आजाराबद्दल सगळ्यांत जास्त वाचलेली मी होते, त्यामुळे सगळ्यांत जास्त घाबरलेलीही मीच होते, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

डॉक्टरांनी दोन औषधं मिळून द्यायची असं ठरवलं. नावं मी दोनदा विचारून घेतली. त्यातलं एक माझंच होतं. म्हणजे त्या सालीतलं. मी रोज हातमोजे आणि मास्क घालून चिमूटभर तोलते ते, ते आता बाबांच्या शिरेतून जाणार होतं.

पहिल्या दिवशी सलाईन सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. बाबा नवऱ्याला पार्किंगबद्दल काहीतरी टोमणा मारत होते. तो अर्धाच राहिला. चेहरा लालबुंद झाला, छाती आवळल्यासारखी झाली, श्वास घेता येईना. सिस्टर धावल्या, सलाईन बंद केलं, इंजेक्शनं दिली. हळूहळू रंग परत आला. श्वास पुन्हा नीट चालायला लागल्यावर त्यांनी टोमण्याचा उरलेला अर्धा भाग पूर्ण केला, आणि मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी बाबांना नीट समजावलं की औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एका खास द्रावात घालून देतात, आणि तो द्राव एरंडेलापासून बनवतात. काहींच्या अंगाला तो सोसत नाही. पुढच्या वेळी आधी ॲलर्जीची औषधं देऊ, अगदी सावकाश सोडू, बहुतेकांना मग त्रास होत नाही.

"एरंडेल?" बाबा म्हणाले. "शिरेतून?"

घरी येईपर्यंत त्यांनी तोच एक शब्द धरला होता. लहानपणी त्यांची आई महिन्याच्या एका रविवारी सगळ्या भावंडांना ओळीत उभं करून, नाक दाबून एरंडेल पाजायची. बाबा एकदा कौलांवर चढून बसले होते आणि संध्याकाळपर्यंत उतरले नव्हते. "म्हातारी गेली, मला वाटलं एरंडेल सुटलं," ते म्हणाले. सगळे हसलो. मीही हसले. मग ते पाणी प्यायले, त्यांनी पेला ठेवला आणि सांगून टाकलं की आता ते पुन्हा तिथे जाणार नाहीत.

"मग काय करणार?" सासूबाईंनी विचारलं.

"थांबणार," बाबा म्हणाले. माझ्याकडे बोट केलं. "हिचं होईलच की. त्यात एरंडेल नाही, साधं पाणी. घरची सून औषध बनवत असताना विकतचं कशाला घ्यायचं?"

मला आधी वाटलं, चेष्टा आहे. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. आणि गंमत अशी की सासूबाईंना काही बोलताच येईना. नियम त्यांचा होता. लग्न झाल्यापासून त्यांनी बाबांना घरचं ते घरचं हेच शिकवलं होतं, आणि बाबांनी ते नको तिथे पाठ म्हणून दाखवलं. त्या तशाच उठून स्वयंपाकघरात गेल्या.

पुढचे दिवस मी डोकं फोडून घेतलं. बाबांना सांगितलं की डॉक्टर म्हणताहेत तसं सावकाश दिलं तर चालतं. एरंडेलाशिवायचं एक रूपही मिळतं, तेही विचारू. "तेही विकतचंच ना," ते म्हणाले. मी सांगितलं, माझं काम प्रयोगशाळेच्या नळीत आहे, अजून उंदरालाही दिलेलं नाही, पुढे वर्षं लागतात. "लागू देत. रिटायर्ड माणसाला घाई कसली?" मी सांगितलं, गाठ रिटायर्ड नाहीये. यावर ते पेपर वाचायला लागले.

चिडले की माझं वऱ्हाडी बाहेर येतं, पुण्यात इतकी वर्षं काढूनसुद्धा. "बाबा, तुम्ही काय समजून राह्यले? हे काय मेतकूट आहे का, घरी केलं का झालं?" असं मी भर हॉलमध्ये ओरडले. नवरा आतून बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. बाबांनी पेपरची घडी केली आणि शांतपणे म्हणाले, "अगं, विश्वास आहे तुझ्यावर. इतरांवर नाही एवढा." यापुढे भांडायचं कसं? माझ्यावरच्या विश्वासापायी हा माणूस उपचार सोडून बसणार होता. सलाईनची पुढची तारीख जवळ येत होती आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, ही वेळ घालवायची नाही.

शेवटी मी आमच्या मॅडमना, म्हणजे मी ज्यांच्या हाताखाली काम करते त्यांना, विचारलं की शनिवारी सासऱ्यांना प्रयोगशाळेत आणू का. कारण सांगितलं. त्यांनी लगेच हो म्हटलं. "त्यांना सगळं दाखव," म्हणाल्या, "चांगलं तेवढंच नको."

शनिवारी बाबा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. दारात त्यांना डोळ्यांवर लावायचा मोठा प्लास्टिकचा चष्मा दिला, तो त्यांनी स्वतःच्या चष्म्यावर चढवला आणि माझ्या टेबलासमोर असे उभे राहिले की कुणालाही वाटावं, तपासणीला साहेब आलेत. मी त्यांना साखळी दाखवली, म्हणजे पांढरी, कापसासारखी हलकी पूड. ती त्यांच्यासमोर काचेच्या नळीतल्या मिठाच्या पाण्यात टाकली. जरा हलवली, आणि ती नाहीशी झाली. पाणी नितळ.

"यात औषध आहे?"

"आहे."

त्यांनी नळी उजेडाकडे धरली. त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो मला बघवेना. आत्तापर्यंत मी घरी याच क्षणाचं कौतुक करत आले होते, पाण्यात विरघळलं, पाण्यात विरघळलं. तेही इथेच थांबले असते तर खूश होऊन घरी गेले असते.

मी नळी अंगाच्या तापमानाला ठेवलेल्या पाण्याच्या यंत्रात बसवली. ते यंत्र नळीला सारखं हळूहळू हलवत राहतं, रक्तात फिरल्यासारखं. "आता हिला पोती भरून फिरवतेय," मी म्हटलं. बाबांनी मान डोलावली. ही भाषा त्यांची होती.

आम्ही कँटीनला गेलो. त्यांनी चहाला नावं ठेवली, पोह्यांना नावं ठेवली, दोन्ही संपवलं. मग आवारातल्या झाडांखाली बसलो. ते डेपोतल्या एका मेकॅनिकची गोष्ट सांगत होते आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. माझी इतक्या वर्षांची मेहनत बिघडलेली दिसावी म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होते. आज नेमकी ती नीट चालली असती तर मी काय केलं असतं, कोण जाणे.

दुपार कलल्यावर परत आलो. मी नळी काढून त्यांच्या हातात दिली. पाणी गढूळ झालं होतं, पातळ ताकासारखं, आणि तळाशी पांढरी रेघ बसायला लागली होती.

बाबांनी नळी फिरवून बघितली. "हे काय?"

"औषध. साखळीवरून सुटलं. सुटलं की पाण्यात राहत नाही, खाली बसतं."

"सुटायचं तर होतंच ना?"

"गाठीपाशी. इथे नाही."

त्यांनी तळावर नखाने टिचकी मारली. मग डेपोतल्या आवाजात विचारलं, "जायचं कुठे होतं?"

"कात्रजला."

"आणि प्रवासी उतरले कुठे?"

"स्वारगेटहून निघाल्या निघाल्या. रस्त्यातच."

"दारंच लागत नाहीत हिची," बाबा म्हणाले. नळी परत माझ्या हातात दिली. "रोज असंच होतं?"

"कधी दुपारी, कधी जरा उशिरा. पण होतं."

"आणि तू मला यात बसवणार होतीस?"

"मी कुठे बसवत होते? तुम्हीच चढून बसला होतात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या मोठ्या चष्म्यामुळे पुसताही येत नव्हतं. बाबांनी ते पाहिलं असणार. त्यांनी दुसरीकडे बघत, प्रयोगशाळेच्या पंख्याला ऐकवावं तसं म्हटलं, "अशा गाडीला मी जन्मात सही दिली नसती."

मी नळी स्टँडमध्ये ठेवली. मला जे बोलायचं होतं ते तेच बोलले होते.

परतीच्या रिक्षात ते बाहेर बघत होते. पुलाच्या अलीकडे सिग्नलला एक जुनाट सिटी बस आमच्या शेजारी येऊन थांबली आणि तिने आमच्या अंगावर काळा धूर सोडला. रिक्षावाला पुटपुटला. बाबांनी रुमाल नाकाला लावला, तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"धूर मारते," ते म्हणाले. "पण रूटवर आहे." आणि मग, बस पुढे गेल्यावर, "तारीख कधीची आहे आपली?"

ठरलेल्या तारखेला हॉस्पिटलात आधी ॲलर्जीची औषधं झाली, त्यामुळे बाबांना गुंगी आली. सिस्टरने विचारलं, काका, कशाची ॲलर्जी? "एरंडेलाची, लहानपणापासून," बाबा म्हणाले. मग ते सलाईन लावलं, थेंब थेंब, अगदी सावकाश. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. मागच्या वेळी याच सुमाराला लाल झाले होते. मी कपाळ बघत होते, कान बघत होते, छातीचा भाता बघत होते.

बाबांनी एक डोळा उघडला. "माझ्याकडे काय टक लावून बसलीयेस? गढूळ होतोय का मी?"

"नाही," मी म्हटलं. "नितळ आहात."

"मग बस गप्प."

मी गप्प बसले. सलाईन पूर्ण गेलं. काहीही झालं नाही. इतका सुंदर, काहीही न झालेला दिवस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सासूबाईंनी काही विचारलं नाही, ताटं घेतली. आमटी वाढली. मी पहिला घास घेतला आणि थांबले. मला स्वयंपाकातलं कळत नसलं तरी त्या घराची आमटी कळते. ही ती नव्हती. नवऱ्यानेही मान वर केली.

बाबांनी भुरका मारला. "वेगळी लागतेय आज. माझ्याच तोंडाची चव गेली का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "मसाला विकतचा आहे."

ताटात कुणाचाच हात हलेना. ओट्यावर खरंच एक पाकीट होतं, कात्रीने सरळ कापलेलं, वरून कपड्याचा चिमटा लावलेलं. सासूबाई आमटीची पळी हातात घेऊन उभ्या होत्या.

"तुम्ही तिकडे मुकाट्याने विकतचं घेऊन आलात," त्या म्हणाल्या. "मग मी एकटी घरचं धरून कशाला बसू?"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वाटी पुढे केली. "वाढ अजून," म्हणाले. "पाकीट संपव मात्र. वाया घालवू नकोस."

ते पाकीट सगळी सलाईनं होईपर्यंत पुरलं. केस गेले, चव गेली, जिभेवरचे टोमणे तेवढे शाबूत राहिले. शेवटच्या तपासणीत गाठ बरीच आकसलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवू, आणि आम्ही ठेवतो आहोत. पाकीट संपलं त्या दिवशी सासूबाईंनी चिमटा धुऊन परत दोरीवर लावला आणि घरचा डबा खाली काढला. त्या विषयावर पुन्हा कुणी बोललेलं नाही.

मी साखळी आणि औषध यांच्यामधला बंध बदलला. बदलला म्हणजे अनेकदा बदलला, त्यातले बहुतेक फसले. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच नळी संध्याकाळी निघेपर्यंत नितळ होती. मी फोटो काढला, रिक्षाभर तो बघत आले, आणि त्या रात्री बाबा लवकर झोपले होते म्हणून दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांच्यासमोर फोन धरला.

त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला. मोठा करून तळ पाहिला. डोक्यावर आता पांढरे, लहान मुलासारखे मऊ केस आले आहेत.

"दारं लागली वाटतं."

"लागली."

"आणि सकाळपर्यंत?"

"सकाळी थोडी गढूळ होती," मी कबूल केलं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंनी पळी खाली ठेवली, आणि आम्ही तिघांनी ओठ हलवले.

"सही नाही," बाबा म्हणाले, आणि आमटीत भात कालवायला लागले.